विज्ञानकथेलाही गाव असतं

जुन्या विज्ञानकथेचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या वाटेने जातात. ज्यूल व्हर्नने पाणबुडी आधीच पाहिली होती, एच. जी. वेल्सने अणुबॉम्ब, आर्थर क्लार्कने दळणवळणाचे उपग्रह. कोणाचं भाकीत किती वर्षांनी खरं ठरलं याचा हिशेब मांडला जातो आणि ज्याची बेरीज मोठी तो लेखक थोर. हा हिशेब मुळात कच्चा आहे. व्हर्नची समुद्राखालची सफर १८६९-७० मध्ये छापली गेली. फ्रेंच नौदलाची ‘प्लाँजर’ ही पाणबुडी १८६३ सालीच पाण्यात उतरली होती. क्लार्कने भूस्थिर उपग्रहांची कल्पना १९४५ साली मांडली ती ‘वायरलेस वर्ल्ड’ या तांत्रिक मासिकातल्या लेखात, कथेत नव्हे. पण हिशेब पक्का असता तरी माझी तक्रार राहिलीच असती. भाकितांचं माप लावलं की यंत्र तेवढं दिसतं. ते यंत्र कोणत्या शहरात, कोणत्या राजवटीखाली, कशाच्या धास्तीने कल्पिलं गेलं हे विचारायचं राहून जातं.

माझ्या मते तेच आधी विचारायला हवं. ‘प्रादेशिक’ हे विशेषण मराठी समीक्षेने एखाद्या विशिष्ट मुलखाच्या कादंबरीसाठी राखून ठेवलं आहे: तिथली माती, तिथली बोली, तिथली माणसं. विज्ञानकथेच्या वाट्याला ते कधी आलं नाही, कारण ती चंद्रावर घडते, मंगळावर घडते, आठ लाख वर्षांनंतर घडते. तरीही ज्यांना आपण जागतिक अभिजात विज्ञानकथा म्हणतो त्या सगळ्या प्रादेशिक आहेत. फक्त काहींचा प्रदेश इतका बलाढ्य होता की तो प्रदेश आहे हेच वाचकाच्या लक्षात आलं नाही.

व्हर्नच्या त्या समुद्राखालच्या सफरीतल्या कॅप्टन नेमोचं उदाहरण घ्या. बहुतेकांच्या डोक्यात नेमो म्हणजे एक विक्षिप्त, माणूसघाणा, कोणत्याच देशाचा नसलेला शास्त्रज्ञ. व्हर्नने त्याला आधी पोलिश सरदार म्हणून कल्पिलं होतं, १८६३ चं पोलंडमधलं बंड रशियाने चिरडलं त्यात घरदार गमावलेला. प्रकाशक एत्झेलने हरकत घेतली. रशियन वाचकांना आणि रशियन सरकारला दुखवणं त्याला परवडणारं नव्हतं. मग पहिल्या कादंबरीत नेमोचा देश झाकलेलाच राहिला. तरी खुणा आहेतच. सिलोनजवळ एका गरीब मोती काढणाऱ्याला तो शार्कपासून वाचवतो, त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो आणि म्हणतो, की हा माणूस दडपलेल्यांच्या देशातला आहे, आणि शेवटच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा आहे. पुढे १८७४-७५ मधल्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत उलगडा होतो. नेमो म्हणजे राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाच्या नात्यातला, युरोपात शिकलेला, १८५७ च्या उठावात लढलेला आणि त्यात बायकामुलं गमावलेला. त्याची नॉटिलस ही पाणबुडी पराभूत बंडखोराची बोट आहे.

आता याचं इंग्रजीत काय झालं ते पाहा. समुद्राखालच्या सफरीचा पहिला इंग्रजी अनुवाद लुइस मर्सिए या धर्मोपदेशकाने केला आणि मूळ मजकुराचा पाचवा हिस्सा तरी गाळला. त्यात शास्त्रीय तपशील गेला आणि राजकारणही. ‘रहस्यमय बेट’चा अनुवाद १८७५ च्या सुमारास किंग्स्टन यांच्या नावाने आला. त्यात नुसती काटछाट नाही, भर घातलेली आहे. महत्त्वाकांक्षी राजेरजवाड्यांनी भारतीय जनतेला फूस लावली, आणि ज्या इंग्रज राज्यकर्त्यांनी तिला अराजकातून, सततच्या लढायांतून बाहेर काढून शांतता आणि समृद्धी दिली त्यांच्याविरुद्धच उठवलं, अशा अर्थाचं वाक्य तिथे येतं. फ्रेंच लेखकाने ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभा केलेला नायक इंग्रजीत पोचला तो ब्रिटिश सत्तेची तरफदारी करणाऱ्या पानांत गुंडाळून. हे अनुवाद पुढे कित्येक दशकं छापले जात राहिले, आणि व्हर्न म्हणजे मुलांसाठी साहसकथा लिहिणारा, विज्ञानात जरा कच्चा लेखक, हा इंग्रजी जगातला लौकिक त्यांतूनच तयार झाला. मराठीत भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला ते आपल्यावर उपकारच आहेत. पण म्हणून मोठेपणी पुन्हा व्हर्नकडे जायचं कारण उरत नाही असं नाही. उलट तेव्हाच ते निर्माण होतं.

परग्रहवासी कुठे उतरतात हेही पाहण्यासारखं आहे. एच. जी. वेल्सचे मंगळवासी १८९८ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत लंडनबाहेरच्या वोकिंगजवळ उतरतात, कारण वेल्स तिथे राहत होता आणि सायकलवरून तो सगळा परिसर त्याने पालथा घातला होता. पहिल्याच प्रकरणात तो वाचकाला बजावतो, की युरोपीय वसाहतवाल्यांनी पन्नास वर्षांत टास्मानियाच्या मूळ रहिवाशांना पुसून टाकलं. मग मंगळवाले त्याच वृत्तीने आपल्यावर चालून आले तर तक्रार करायला आपण दयेचे पुतळे आहोत का? (टास्मानियाच्या त्या लोकांचे वंशज आजही आहेत, त्यांना संपलेलं समजणं ही वेल्सच्या काळाची समजूत.) ज्या साम्राज्याने जगभर हे केलं त्याच्या राजधानीवर ते उलटून आलं तर काय होईल, हा त्या पुस्तकाचा प्रश्न. १९३८ साली ऑर्सन वेल्स या अमेरिकन कलावंताने ते रेडिओवर आणलं तेव्हा मंगळवासी न्यू जर्सीत उतरले, आणि बातमीपत्रासारख्या त्या सादरीकरणात टास्मानियाला जागाच नव्हती. हल्ला तोच, पण लंडनच्या मनातली टोचणी गेली आणि युद्धाच्या बातम्या ऐकून धास्तावलेल्या अमेरिकन श्रोत्याची भीती तेवढी राहिली.

त्यानंतर १९५७ मध्ये परग्रहवासी अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्सवर उतरले, आणि या उतरण्याबद्दल आपण फार कमी ऐकलेलं असतं. एक्तोर ऑस्तरएल्द या लेखकाने आणि फ्रान्सिस्को सोलानो लोपेस या चित्रकाराने ‘एल एतेर्नाउता’ ही चित्रकथा साप्ताहिकातून दोन वर्षं चालवली. रात्री मित्रांचा पत्त्यांचा डाव रंगलेला असतो आणि बाहेर चमकणारा बर्फ पडू लागतो; ज्याला तो शिवतो तो मरतो. घरातल्या वस्तूंतून ही मंडळी संरक्षक पोशाख शिवतात, शहरात बाहेर पडतात, फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मोर्चा बांधतात. यात एकटा तारणहार नाही. खरा नायक हा गट आहे, असं ऑस्तरएल्दने स्वतः म्हटलं आहे. आक्रमकांची मांडणी तर त्याहून विलक्षण. समोर लढणारे सैनिक स्वतःच गुलाम आहेत. त्यांच्यावर हुकूम चालवणाऱ्या, अनेक बोटांच्या हातांच्या बुद्धिमान जिवांच्या शरीरात एक ग्रंथी बसवलेली आहे. त्यांना भीती वाटली की ती विष सोडते. म्हणजे मालकाविरुद्ध बंड करायचं तर भीती वाटणार, आणि भीती वाटली की मरण. खरे मालक अखेरपर्यंत दिसत नाहीत. त्यांना नुसतं ‘ते’ म्हटलं जातं. पुढे अर्जेंटिनात लष्करशाही आली. १९७७ साली ऑस्तरएल्दला उचलून नेलं, तो परत आला नाही. त्याच्या चारही मुली त्या राजवटीच्या बळी ठरल्या. या चित्रकथेचं इंग्रजी पुस्तक निघायला २०१५ साल उजाडलं. जगातल्या सर्वोत्तम विज्ञानकथांच्या ज्या याद्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो त्यांत ती का नव्हती, याचं उत्तर तिच्या दर्जात शोधायची गरज नाही.

(नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेदी ओकोराफोरने २०१४ च्या ‘लगून’मध्ये परग्रहवासीयांना लागोसच्या समुद्रात उतरवलं. तिथे त्यांची गाठ सर्वांत आधी पडते ती तेलगळतीने हैराण झालेल्या एका माशाशी.)

सर्वोत्तम विज्ञानकथांच्या त्या याद्यांचा उगम बहुतांशी अमेरिकन मासिकांत आहे. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं तेव्हा पहिल्या अंकात पो, व्हर्न, वेल्स यांच्या जुन्याच कथा होत्या. म्हणजे बराच माल युरोपातला, आणि संपादक स्वतः लक्झेंबर्गहून आलेला. १९३७ पासून जॉन कॅम्पबेल ‘अस्टाउंडिंग’चा संपादक झाला आणि त्याने असिमोव्ह, हाइनलाइन अशा लेखकांची फळी उभी केली. तो काळ ‘सुवर्णयुग’ म्हणून ओळखला जातो. त्या कथा आज पुन्हा वाचताना मजा अजूनही येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’मधली, लोकसमूहांचं भविष्य गणिताने मांडता येईल ही कल्पना आजही अंगावर काटा आणते. माणसं मात्र पुठ्ठ्याची आहेत आणि पहिल्या पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच. रोमच्या ऱ्हासाच्या इतिहासावरून ही कल्पना सुचली हे असिमोव्हने सांगितलेलंच आहे. पण साम्राज्य कोसळणार, मधलं अंधारयुग एका छोट्या तज्ज्ञमंडळाच्या योजनेने आखूड करता येईल, आणि ती योजना सामान्यांना सांगायची नाही, हा विश्वास रोमचा नाही. तो १९४० च्या दशकातल्या अमेरिकेचा आहे. अभियंत्यावर अढळ श्रद्धा असलेल्या मुलखाची ही लोककथा आहे, आणि तशी वाचली तर ती जास्त रंगते.

त्या मुलखाला कुंपणंही होती. सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाने लिहून ठेवलं आहे, की ‘नोव्हा’ ही कादंबरी त्याने कॅम्पबेलकडे पाठवली तेव्हा ती परत आली. कृष्णवर्णीय नायकाशी आपल्या वाचकांचं जुळणार नाही, असं संपादकाचं म्हणणं होतं. ताऱ्यांपर्यंत जाणाऱ्या वाचकाची कल्पनाशक्ती एवढ्यावर अडेल असं त्या संपादकाला वाटलं, किंवा ती अडलेलीच बरी असं वाटलं.

या मुलखाला बाहेरून पाहणारा सर्वांत तिखट डोळा पोलिश लेखक स्तानिस्वाव लेमचा. जन्म १९२१ चा, ल्वूव शहरातला. ज्यू घराण्यातला हा मुलगा जर्मन ताब्यात असलेल्या शहरात खोट्या कागदपत्रांवर जगला, आणि युद्धानंतर ते शहरच पोलंडच्या नकाशावरून निघून गेलं. अशा माणसाला, पुरेसं तंत्रज्ञान असेल तर परक्याशी संवाद होतोच, हा विश्वास कुठून वाटणार? १९६१ च्या ‘सोलारिस’मध्ये एका ग्रहावरच्या महासागराचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालतो, ग्रंथांचे ढीग जमतात, आणि महासागर काय आहे हे कोणालाच कळत नाही. त्याच्याकडून काही आलंच तर ते संशोधकांच्याच मनातलं, त्यांनी गाडून टाकलेलं. ज्याला आपण परग्रहाचा शोध म्हणतो तो स्वतःचीच आरशातली प्रतिमा शोधण्याचा उद्योग आहे, असं लेम तिथे एका पात्राच्या तोंडून सुचवतो.

लेमला अमेरिकन विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने १९७३ साली मानद सदस्यत्व दिलं आणि १९७६ साली काढून घेतलं. मधल्या काळात त्याने अमेरिकन विज्ञानकथा बहुतांशी सुमार आहे असं छापून आणलं होतं. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनने निषेध म्हणून आपली कथा त्याच संघटनेच्या नेब्युला पुरस्काराच्या स्पर्धेतून मागे घेतली. फिलिप डिक हा अमेरिकनांपैकी लेमने मनापासून वाखाणलेला जवळजवळ एकमेव लेखक; त्याने १९७४ साली एफबीआयला पत्र लिहून कळवलं होतं, की लेम हा बहुधा एक माणूस नसून समिती आहे. (हे मी रचलेलं नाही. रचलं असतं तर कोणी छापलं नसतं.) आणि ज्या ‘सोलारिस’वरून इंग्रजी जगाने लेमला जोखलं ती १९७० सालची प्रत पोलिशवरून केलेली नव्हतीच, ती फ्रेंच अनुवादावरून केलेली होती. पात्रांची नावंही बदलली: हारेची ऱ्हेया झाली, स्नाउटचा स्नो झाला. पोलिशवरून थेट इंग्रजी अनुवाद २०११ साली आला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. विज्ञान सगळीकडे सारखं, प्रकाशाचा वेग प्रांतागणिक बदलत नाही, मग विज्ञानकथेला गाव चिकटवून तिला लहान का करायचं? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. नियम सारखेच असतात. त्यांच्याकडे काय मागायचं ते मागणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. १८९६ साली जगदीशचंद्र बसूंनी बंगालीत एक कथा लिहिली, केसांच्या तेलाच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या कथास्पर्धेसाठी. कलकत्त्यावर येऊ घातलेलं वादळ गायब होतं, हवामानखात्यातले साहेब चक्रावतात, आणि निष्पन्न असं होतं की जहाजावरच्या एका प्रवाशाने तेलाची बाटली समुद्रात ओतली होती. पृष्ठताणाचा नियम तोच, जो लंडनमध्ये लागू होता. पण त्याच्या आधाराने साहेबाच्या शहाणपणाची टर उडवायची गरज लंडनमध्ये कोणाला पडली असती? नऊ वर्षांनी, १९०५ मध्ये, रुकैया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेने मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिली. तिच्या स्त्रीराज्यात पुरुष पडद्याआड असतात, बायकांची विद्यापीठं ढगांतून पाणी आणि सूर्यापासून उष्णता साठवतात, आणि साठवलेली उष्णता शत्रूच्या सैन्यावर रोखून त्याला पळवून लावतात. सौर ऊर्जेचं भाकीत म्हणून तिचं कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. पडद्यात वाढलेल्या बाईने पडदा उलटा फिरवला, ही त्या कथेतली खरी करामत, आणि ती करायला सूर्य लागला एवढंच.

उलट बाजूचा सापळाही सांगायला हवा, कारण जगभरची विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा तो आवडता सापळा आहे. चिनी लेखक लिऊ त्सीशिनच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला २०१५ साली विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, अनुवादित कादंबरीला तो प्रथमच मिळत होता. त्यानंतर ती चीनच्या राजकारणाचं रूपक म्हणूनच वाचण्याची साथ आली. त्याला थोडा आधार आहे. २००६ मध्ये मासिकातून क्रमशः आली तेव्हा ती माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीच्या प्रसंगाने सुरू होत होती. २००८ च्या चिनी पुस्तकात, सेन्सॉरच्या नजरेत एकदम भरू नयेत म्हणून, ती प्रकरणं मध्ये सरकवली गेली. आणि अनुवादक केन लिऊने २०१४ च्या इंग्रजी अनुवादात ती लेखकाच्या संमतीने पुन्हा सुरुवातीला आणली. तरीही तीन सूर्यांच्या कक्षांचं न सुटणारं गणित हा त्या पुस्तकाचा गाभा आहे आणि तो कुठल्याही पक्षाचं रूपक नाही. असिमोव्ह वाचताना आपण मानवजातीचा विचार करायचा आणि लिऊ वाचताना फक्त चीनचा, ही वाटणी अन्यायाची आहे. दोघांनाही गाव आहे, दोघांनाही आकाश आहे. माझा आग्रह दोन्ही दोघांना द्यावं एवढाच. आणि परक्या भाषेतलं म्हणून सगळंच चांगलं असंही नाही. सोव्हिएत काळातल्या उज्ज्वल भवितव्याच्या कादंबऱ्यांमध्ये असह्य कंटाळवाण्या बऱ्याच आहेत.

मराठीपुरतं बोलायचं तर आपली स्थिती बरी आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून. केंब्रिजला त्यांचे गुरू असलेले फ्रेड हॉयल १९५७ सालीच ‘ब्लॅक क्लाउड’ लिहून बसले होते. खगोलशास्त्रज्ञाने कथा लिहिण्यात कमीपणा नाही, हे बळ तिथून आलं असेल तर नवल नाही. पण कथा मराठीत अवतरली आणि इथल्या वाचकाशी बोलू लागली. मात्र बाहेरून जे येतं त्याची वाट अजूनही बहुतेक वेळा इंग्रजीतूनच जाते. पोलिश, रशियन, चिनी, स्पॅनिश, अरबी, सगळं त्याच एका दारातून, आणि त्या दारात काय काय कापलं गेलं ते वर पाहिलंच.

मधल्या भाषेवरून अनुवाद करूच नये असं मी म्हणणार नाही. चीनमध्ये लू शुनने १९०३ साली व्हर्नची चंद्रसफर जपानीवरून चिनीत आणली होती, आणि तिथल्या विज्ञानकथेची सुरुवात सांगताना हा अनुवाद हमखास आठवला जातो. मोडकातोडका व्हर्नही न आलेल्या व्हर्नपेक्षा बरा. फक्त ते वर्ष १९०३ होतं. आज रशियन, जर्मन, फ्रेंच, जपानी, चिनी, स्पॅनिश शिकलेली मराठी माणसं आहेत, आणि त्यांच्याकडून बहुतेक वेळा दुभाष्याचं काम तेवढं करून घेतलं जातं. सोव्हिएत लेखक स्त्रुगात्स्की बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ ही दोनेकशे पानांची कादंबरी. परग्रहवासी पृथ्वीवर क्षणभर थांबून गेले, मागे कचरा टाकून गेले, आणि माणसं जीव धोक्यात घालून तो कचरा चोरून विकतात, एवढीच तिची कल्पना. १९७२ साली मासिकात आलेली ही गोष्ट पुस्तकरूपात यायला, संपादकांनी सुचवलेल्या असंख्य दुरुस्त्यांसह, १९८० उजाडलं. काटछाट नसलेली संहिता सोव्हिएत सत्ता ढासळू लागल्यावरच वाचकांना मिळाली. आता ती अखंड उपलब्ध आहे. मराठीत आणायची तर ती रशियनवरूनच का आणू नये? खर्च जास्त येईल, खप कमी असेल, हे प्रकाशकांचं म्हणणं मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. म्हणूनच अनुवादासाठी सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या संस्थांनी पहिली पसंती थेट अनुवादाला द्यावी. बाजाराला न परवडणारं काम करायलाच त्या असतात.

आणि ते होईपर्यंत, जे छापलं जातंय त्यावर निदान मूळ भाषा कोणती, मूळ आवृत्ती कोणत्या सालची, मध्ये कोणाचा अनुवाद वापरला आणि काय गाळलं, हे श्रेयपानावर यायला हवं. चार ओळींचा मजकूर आहे. त्याला जादा कागद लागत नाही, आणि कोणाची परवानगीही.